नवं कारागृह बांधायचं, तर आधी आत कोण राहणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीचं जिल्हा कारागृह राजवाड्याच्या आवारात, भर वस्तीत आहे. इमारत संस्थानकाळातली, जागा अपुरी, आणि कृष्णेला महापूर आला की पाणी दारात. ते शहराबाहेर हलवून नवीन आधुनिक कारागृह बांधायचं म्हटलं तर त्यात काय काय असावं, जागा कशी निवडावी, जुन्या इमारतीचं काय करायचं, आणि कॅमेरे, जॅमर, तटावर विजेची तार एवढं केलं की ते आधुनिक होतं का?

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो. कोर्ट, पोलीस लाइन, कारागृह अशा इमारतींची कामं नोकरीत बरीच वाट्याला आली. तुरुंग चालवणं हा माझा विषय नाही, पण चालवणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्या नकाशात उतरवणं हा होता. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. कॅमेरे, जॅमर, स्कॅनर ही खरेदीची कामं आहेत. निधी आला की बसतात, जुने झाले की बदलतात. जुन्या दगडी तुरुंगातही बसवता येतात, बसवलेही आहेत. एकदा चुकलं की पन्नास वर्षं सुधारता येत नाहीत अशा गोष्टी वेगळ्या: जागा, जमिनीची पातळी, सांडपाण्याचा उतार, आणि आत-बाहेर जाणाऱ्या माणसांच्या वाटा. मंत्रालयातल्या सादरीकरणात या चारांपैकी एकही स्लाइडवर नसते, आणि टेहळणी मनोऱ्याचं थ्रीडी चित्र मात्र हमखास असतं.

पहिला मुद्दा, आत कोण राहणार. आपल्या डोळ्यांसमोर तुरुंग म्हटलं की खडी फोडणारा पक्का कैदी येतो. जिल्हा कारागृहात तो फारसा नसतोच. लांबची शिक्षा लागली की माणूस कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा येरवड्याला मध्यवर्ती कारागृहात जातो. जिल्ह्यात उरतात ते मुख्यतः कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले न्यायाधीन बंदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती, जागा होती 4,36,266 जणांची. त्यातले 75.8 टक्के न्यायाधीन. जिल्हा कारागृहात हे प्रमाण याच्याही वर असतं, हे तिथे काम केलेला कोणीही सांगेल.

म्हणजे सांगलीत आपण जे बांधणार ते मुख्यतः कोर्टाच्या तारखेची वाट बघणाऱ्यांचं घर आहे. या एका गोष्टीवरून जागेपासून जिन्यापर्यंत सगळं ठरतं, आणि नेमकी हीच गोष्ट आराखडा करताना सुटते. कारण नमुना म्हणून मध्यवर्ती कारागृहाचा नकाशा समोर ठेवलेला असतो: मोठाले सर्कल (बराकींचे विभाग), कारखाना, शेती, आणि एका कोपऱ्यात कोर्टात जाणाऱ्यांसाठी एक खोली.

जिल्हा कारागृहाचा दिवस बघा. सकाळी बराकी उघडतात, गिनती होते, चहा-नाश्ता. मग कोर्ट पार्टी, म्हणजे ज्यांच्या तारखा आहेत त्यांना घेऊन जायला पोलीस मुख्यालयातून आलेलं पथक. नावं पुकारायची, वॉरंट (कोर्टाचे कोठडीचे आदेश) तपासायची, झडती, बेड्यांची नोंद, गाडी. त्याच वेळेला बाहेर मुलाखतीला आलेले नातेवाईक, वकील, दूधवाला, भाजीचा टेम्पो, दवाखान्यात न्यायचा एखादा पेशंट. संध्याकाळी कोर्टातून सगळे एकदम परत, नवीन दाखल झालेलेही त्याच गाडीत. पुन्हा झडती, पुन्हा गिनती, आणि अंधार पडायच्या आत बराकी बंद. जुन्या कारागृहात हा सगळा प्रकार एकाच दिंडी दरवाजातून चालतो. मोबाईल, गांजा, चिठ्ठ्या आत जातात त्या याच तासात, कारण चार शिपाई पन्नास माणसांची झडती अंधार पडायच्या आत उरकत असतात.

म्हणून माझ्या मते आधुनिक कारागृहाची पहिली खूण म्हणजे संध्याकाळच्या त्या तासासाठी बांधलेलं प्रवेशद्वार. गाडी पूर्ण आत येऊन उभी राहील एवढी लांब बंदिस्त मोकळी जागा, दोन्ही टोकांना दारं, आणि एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडणारच नाही अशी यांत्रिक अडवणूक. तिथून छपराखालून झडतीच्या खोल्यांत. खोल्या अनेक हव्यात, आडोसा असलेल्या, म्हणजे चारचौघांत कपडे उतरवायला लावणं थांबेल आणि शिपायालाही घाई होणार नाही. पुढे वैद्यकीय तपासणी, सामान जमा, नोंद, आणि नवीन आलेल्यांची वेगळी बराक. परत आलेल्यांची वाट आणि नव्याने आलेल्यांची वाट एकमेकींना छेदता कामा नये. भाजीचा टेम्पो या दारातून येताच कामा नये. त्याला वेगळं दार, आणि कोठार त्या दाराला लागून.

आता जागा. अमुक गट नंबर चांगला की तमुक, यात मी पडत नाही. निकष सांगतो.

कोर्ट विजयनगरला, सिव्हिल हॉस्पिटल सांगलीत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेला. कारागृह या तिन्हींपासून अर्ध्या तासात यायला हवं. शहराबाहेर न्यायचं म्हणून तीस-चाळीस किलोमीटर लांब पडीक गायरान शोधलं की सगळे खूश होतात, फुकट जमीन मिळाली म्हणून. त्याची किंमत पुढे रोज मोजावी लागते: डिझेल, गाड्या, आणि पथकासाठी लागणारे पोलीस. बंदोबस्ताच्या दिवसांत, गणपतीत, निवडणुकीत, पथक मिळत नाही. पथक नाही म्हणून आरोपी हजर नाही, आरोपी नाही म्हणून पुढची तारीख, आणि पुढची तारीख म्हणजे कारागृहात आणखी काही दिवस. लांब बांधलेलं कारागृह अशा रीतीने स्वतःच स्वतःची गर्दी वाढवतं.

यावर हमखास उत्तर येतं की आता व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आहे. आहे, आणि ते वापरावंच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्षच हजर करावं लागतं. न्यायालयीन कोठडी वाढवायची असेल तर पडद्यावरून चालतं. पण त्यासाठीसुद्धा हिशेब करून खोल्या बांधाव्या लागतात. समजा कारागृह 600 जणांचं आहे आणि त्यात 480 न्यायाधीन. प्रत्येकाची तारीख साधारण चौदा दिवसांनी धरली आणि त्यात कोर्टाचे अकरा-बारा कामाचे दिवस मिळाले, तर रोजच्या चाळीसेक तारखा होतात. त्यातल्या बहुतेक सकाळच्या सत्रात. एका पडद्यावर तासाला तीन-चारच होतात, कारण पुकारा कधी होईल ते समोरच्या कोर्टाच्या हातात असतं. म्हणजे चार-पाच स्वतंत्र, आवाज बाहेर न जाणाऱ्या कप्प्यांची गरज, शिवाय वाट बघायला बाकडी आणि वकिलाशी खासगीत बोलायला वेगळी लाइन. बहुतेक ठिकाणी एक खोली, एक टीव्ही आणि दारात रांग असते. पडद्यावर माणूस दिसतो, पण मागे उभ्या असलेल्या शिपायासमोर तो वकिलाला काय सांगणार?

पूर. सांगलीकराला यावर वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या वेळी कारागृहात पाणी शिरलं आणि बंद्यांना हलवायची वेळ आली. तुरुंग रिकामा करणं हे एखादी सोसायटी रिकामी करण्यासारखं नसतं. प्रत्येक माणसामागे वॉरंट, पहारा, गाडी, आणि दुसरीकडे जागा लागते, आणि पुराच्या दिवसांत पोलीस बोटींवर असतात. पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कारागृह लाल रेषेच्या बाहेर हवं हे उघड आहे. त्यापुढची गोष्ट लोक विसरतात: रस्ताही बाहेर हवा. इमारत उंचावर आणि पोहोचरस्ता ओढ्यात, अशी सरकारी कार्यालयं आपल्या जिल्ह्यात हवी तेवढी दाखवता येतील. 600 माणसांचं दूध, भाजी, औषधं आणि पाळी बदलणारे शिपाई रोज त्या रस्त्याने यायचे असतात. जागा बघायला जाल तेव्हा उन्हाळ्यात जाऊ नका, जुलैच्या शेवटी जा. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर येतं. तलाठ्याकडचा नकाशा नंतर बघा.

सांगलीत यात एक पेच आहे. नदीच्या बाजूला पाणी मुबलक, पण खोल काळी माती आणि पुराची भीती. मिरजेच्या पूर्वेला सरकावं तर मुरूम, खडक, पाया स्वस्त, पूर नाही. पण पाण्याची बोंब. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने पूर्वेकडची शेती बदलली असली तरी कारागृहाला बारमाही, रोज ठरलेल्या मापाचं पिण्याचं पाणी लागतं, आवर्तनावर ते चालत नाही. केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत माणशी रोज 135 लिटर पाणी धरलंय. 600 जणांना 81,000 लिटर झालं. स्वयंपाकघर, दवाखाना आणि कर्मचारी वसाहत धरली तर रोज सव्वा लाख लिटरची सोय करून ठेवावी लागते. शिवाय निदान दोन दिवसांचा साठा. माझा कल तरीही पूर्वेकडेच आहे. पाणी पाइपने आणता येतं, पूर पाइपने घालवता येत नाही.

काळ्या मातीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तटभिंत हा लोकांच्या आवडीचा विषय आहे आणि भिंतीचं खरं दुखणं जमिनीखाली असतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन मजली घराला ते वजनाने थोडंफार दाबून धरता येतं; पाच-सहा मीटर उंच, किलोमीटरभर लांब, बारीक भिंतीला नाही. दोन पावसाळ्यांत ती नागमोडी होते, सांध्यांत फटी पडतात, आणि त्या फटीत पायाची बोटं बसतात. उपाय माहीत आहे: माती काढून मुरमापर्यंत पाया न्यायचा किंवा खाली फुगा असलेले पाइल घ्यायचे, वर काँक्रीटचा सलग बीम, ठरावीक अंतरावर सांधे आणि दोन्ही बाजूंना पाणी साचू न देणारा उतार. याला पैसा लागतो, आणि तो दिसत नाही. अंदाजपत्रक कापायला बसलं की कात्री पहिली इथेच चालते.

भिंतीची आतली बाजू गुळगुळीत. पाइप, वायर, पावसाळी नळी काहीही तिच्यावर चढवायचं नाही. आतले कोपरे काटकोनात ठेवायचे नाहीत, गोलाई द्यायची, कारण काटकोनात दोन्ही भिंतींना हातपाय रेटून तरणा माणूस सहज वर सरकतो. आतून भिंतीलगत गस्तीचा मोकळा पट्टा. तिथे झाड, टाकी, शेड काही नको. बाहेरूनही मोकळी जागा हवी, आणि ती कागदावर आरक्षित करून घ्यायला हवी. भर वस्तीतल्या कारागृहांचा आजचा मोठा त्रास माणूस बाहेर पळण्याचा नसून वस्तू आत पडण्याचा आहे. टेनिसच्या चेंडूत गांजा किंवा छोटा मोबाईल कोंबून शेजारच्या गच्चीवरून फेकायचा. जॅमर लावला तर शेजारच्या गल्लीचे फोन बंद पडतात आणि नगरसेवक मोर्चा आणतो. मोकळं अंतर असेल तर दोन्ही भांडणं मिटतात.

आणि गटार. तट कितीही भक्कम बांधा, त्यातून सांडपाणी आणि पावसाचं पाणी बाहेर काढावंच लागतं. तो छेद हा सगळ्या भिंतीतला कमजोर बिंदू. मोठी नळी टाकून तोंडाला एक जाळी ठोकली, की जाळी गंजते, कचरा अडकतो, पहिल्या मोठ्या पावसात आतल्या अंगणात गुडघाभर पाणी, आणि मग कोणीतरी वैतागून जाळीच काढून टाकतो. योग्य पद्धत अशी की एका मोठ्या नळीऐवजी माणसाचं डोकं जाणार नाही अशा अनेक लहान नळ्या भिंतीच्या काँक्रीटमध्ये ओतूनच बसवायच्या, आतल्या बाजूला कचरा अडवायची टाकी करायची, आणि ती साफ करायला गस्तीच्या पट्ट्यातून पोचता यावं. हे मी नकाशावर सगळ्यात आधी तपासायचो. वास्तुविशारद तरुण असेल तर त्याला आश्चर्य वाटायचं.

आता बराक. नियमावलीत एका बराकीत 20 पेक्षा जास्त माणसं नकोत असं आहे. माणशी जमीन 3.71 चौरस मीटर आणि हवा 15.83 घनमीटर. आता हे दोन आकडे एकत्र वाचा. 20 जणांना 74.2 चौरस मीटर जागा आणि 316.6 घनमीटर हवा. भागाकार केला तर छताची उंची 4.27 मीटर येते. म्हणजे चौदा फूट. नेहमीच्या सरकारी इमारतीचा मजला अकरा फुटांच्या आसपास असतो. वास्तुविशारद जमिनीचा आकडा पाळतो, उंची नेहमीची ठेवतो आणि 20 जणांची बराक म्हणून दाखवतो. हवेच्या हिशेबाने ती पंधराचीच असते. एक तर उंची द्या, नाहीतर 3.3 मीटर छताखाली माणशी 4.8 चौरस मीटर जागा द्या. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत, संध्याकाळी दार लागल्यापासून सकाळपर्यंत बंद खोलीत, हा फरक आकड्यांचा राहत नाही.

आणि याच खोलीत दुप्पट माणसं भरली की काय होतं तेही बघा. 40 जण म्हणजे माणशी 1.86 चौरस मीटर. झोपायच्या ओट्याचं नियमावलीतलं माप 2 मीटर बाय 0.75, म्हणजे दीड चौरस मीटर. उरलेल्या जागेत वाट, भांडी, कपडे. रात्री पाण्याला उठलेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर पाय देऊनच जातो, आणि मारामाऱ्या बऱ्याचदा इतक्याशा कारणावरून सुरू होतात.

शौचालय: रात्रीसाठी बराकीला लागून दहा माणसांमागे एक, दिवसासाठी सहांमागे एक, असं प्रमाण आहे. प्रमाण पाळणं सोपं, चालू ठेवणं अवघड. तुंबलेल्या संडासाने जेवढी बराक अस्वस्थ होते तेवढी बेचव आमटीनेही होत नाही. त्यामुळे सगळ्या नळ्या शौचालयांच्या मागच्या बंद बोळात घ्यायच्या, माणूस उभा राहील एवढ्या रुंद, आणि त्या बोळाचं दार बराकीच्या बाहेर. प्लंबर आत न जाता काम करतो, बंद्यांना हलवावं लागत नाही, आणि नळीचा तुकडा तोडून हत्यार करायची सोयही राहत नाही. नळ, खिडकीचे गज, पंख्याचे हुक, कपड्यांच्या दांड्या यांकडे आणखी एका नजरेने बघावं लागतं: गळ्याला फास अडकवता येईल असं इथे काय आहे? कारागृहातल्या आत्महत्या बहुतेक वेळा याच साध्या वस्तूंवर होतात, आणि पहिले काही दिवस सर्वात धोक्याचे असतात. नवीन आलेल्यांच्या बराकीत तरी छताचे पंखे नकोत. जाळीतले भिंतीचे पंखे, आणि शिपायाच्या टेबलावरून सगळी खोली दिसेल अशी रचना.

वेगळं ठेवण्याचा नियम जुनाच आहे. 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 27 मध्येच स्त्रिया, एकवीस वर्षांखालचे, न्यायाधीन, शिक्षा झालेले आणि दिवाणी कैदी यांना वेगवेगळं ठेवायचं म्हटलंय. जागेअभावी तो मोडतो. स्त्रियांचा विभाग बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या आवारातला एक कोपरा असतो, आणि स्वयंपाकघर, दवाखाना, मुलाखत सगळ्यासाठी त्यांना पुरुषांच्या अंगणातून नेतात, नाहीतर नेतच नाहीत. नवीन बांधताना त्यांना स्वतंत्र दार, स्वतंत्र अंगण, स्वतंत्र तपासणी खोली. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अशा मुलांसाठी पाळणाघर आणि बालवाडीची सोय करायला सांगितलं आहे. ती तटाच्या आत नको, स्त्री विभागाच्या दाराबाहेर पण आवाराच्या आत हवी, म्हणजे कर्मचाऱ्यांची मुलंही तिथे येतील.

अंडासेलबद्दल, म्हणजे धोकादायक कैद्यांसाठीच्या कडेकोट कोठड्यांबद्दल, लोक फार विचारतात. सांगलीला चार-सहा स्वतंत्र कोठड्या पुरेत. बाकी धोकादायक माणूस मध्यवर्ती कारागृहात पाठवता येतो.

मुलाखतीची जागा हा माझ्या दृष्टीने आधुनिकपणाचा दुसरा कस. जतहून किंवा आटपाडीहून माणूस पहाटेची एसटी धरून येतो, बहुधा बाई असते, कडेवर मूल. नाव नोंदवायचं, नंबर लागेपर्यंत रस्त्याकडेला उभं राहायचं, आणि काचेपलीकडे काही मिनिटं, शेजारचे सगळे एकदम ओरडत असताना. छप्पर, बाकडी, पाणी, बायकांचं स्वच्छतागृह, इंटरकॉम असलेले वेगळे कप्पे, आणि फाटकासमोर एसटीचा विनंती थांबा: या सगळ्याचा खर्च एका टेहळणी मनोऱ्याएवढाही येत नाही. ई-मुलाखत आणि फोनची सोय आली आहे, ती चांगलीच आहे, पण प्रत्यक्ष भेट तिने संपत नाही. घरच्यांशी बोलणं झालेला माणूस बराकीत शांत असतो. हे मला अधीक्षकांनी शिकवलं.

किती जणांचं बांधायचं? इथे सगळे आजच्या गर्दीचा आकडा घेऊन त्यात थोडी वाढ करतात. मला वाटतं तट, पाण्याची टाकी, सांडपाणी प्रकल्प, वीज उपकेंद्र आणि स्वयंपाकघराची जागा मोठ्या आकड्यासाठी एकदाच करावी, आणि बराकी मात्र 20-20 च्या गटांनी, लागतील तशा. कारण गर्दी कमी करायचे उपाय बांधकामापेक्षा स्वस्त आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांना निम्म्या काळानंतर. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे यात नाहीत, एकाहून जास्त खटले असले तरी नाही. पण बाकीच्यांचा हिशेब वेळेवर होतो का, हे बघायला कारागृहातच विधी सेवा प्राधिकरणाची खोली, टेबल, संगणक आणि रोज बसणारा वकील हवा. ती खोली मुलाखतीच्या कोपऱ्यात ढकलू नका. बराकीतून मुलाखतीला जायच्या वाटेवर ठेवा.

आणि आपल्याच जिल्ह्यात वेगळा धडा आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत औंध संस्थानने 1939 मध्ये सुरू केली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाची ती कल्पना. गंभीर गुन्ह्यांतले शिक्षा झालेले कैदी, तटभिंत नाही, कुटुंबासह राहून शेती. आपण शंभर टेहळणी कॅमेऱ्यांची चर्चा करताना ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी याच मातीत बिनभिंतीचा तुरुंग चालला, हे बैठकीत कोणी बोलत नाही. न्यायाधीनांना खुल्या कारागृहात ठेवता येत नाही, त्यामुळे जिल्हा कारागृहाला तो पर्याय होत नाही. पण शिक्षा झालेल्यांपैकी जे पात्र आहेत ते तिकडे गेले तर मध्यवर्ती कारागृहात जागा होते, आणि जिल्ह्यात अडकून पडलेले पक्के कैदी पुढे सरकतात. साखळी आहे ती.

कर्मचारी. नियमावली सहा बंद्यांमागे एक पहारेकरी म्हणते. 600 ला 100. ते राहणार कुठे? शहराबाहेर कारागृह नेलं आणि वसाहत दुसऱ्या टप्प्यावर ढकलली तर शिपाई सांगलीतून दुचाकीवर येतो, आणि पावसाळी रात्री गजर वाजला तर धावून यायला आवारात कोणी नसतं. वसाहत पहिल्या टप्प्यात, तटाच्या आधी. मजल्यांचंही तेच: जमीन वाचते म्हणून चार मजली बराकी काढतात, पण प्रत्येक मजल्याला वेगळा पहारा लागतो आणि गिनतीला दुप्पट वेळ. तळ अधिक एक, फार तर दोन.

टेंडर काढताना एक अट जरूर घाला: सगळ्या बराकी सुरू करण्याआधी ठेकेदाराने एकच बराक दार, कुलूप, संडास, दिवे, पंखे यांसह पूर्ण करून दाखवायची, आणि ती कारागृहाच्या अनुभवी शिपायांनी तपासायची. त्यांना दोन तास आत सोडा आणि म्हणा, यातून पळायचं असेल, काही लपवायचं असेल, तर कसं कराल. जेवढ्या त्रुटी ते काढतील तेवढ्या कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात मिळणार नाहीत.

जुन्या इमारतीचं काय करायचं, हेही प्रश्नात आलं आहे. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी याच तुरुंगातून तट ओलांडून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांनी गेले, दादांना खांद्यात गोळी लागली. ती जागा व्यापारी संकुलाला देणं सांगलीला शोभणार नाही. येरवड्यात 2021 च्या प्रजासत्ताक दिनापासून कारागृह पर्यटन सुरू झालं. इथे निदान तट आणि एक बराक जशीच्या तशी ठेवता येईल. मात्र ती पूरपट्ट्यात आहे हे धरून, महत्त्वाचे कागद, चित्रं काही तळमजल्यावर ठेवू नका.

हलवण्याचं काम दिवाळीनंतर, कोर्टाला सुट्टी असेल तेव्हा धरा. इमारत ताब्यात आल्यावर महिनाभर रिकामी चालवा: पंप, जनरेटर, कुलपं, कॅमेरे, स्वयंपाकघरातला गॅस, सगळं पूर्ण भाराने. मग आधी वसाहतीत कर्मचारी, नंतर दवाखाना, नंतर बंदी, गटागटाने. आणि कोणत्याही गटाच्या आधी त्या गटाची वॉरंटं आणि जमा सामानाच्या नोंदी नव्या कार्यालयात जाऊन, तपासून, कपाटात लागलेल्या हव्यात. माणूस नव्या कारागृहात आणि त्याचं वॉरंट जुन्या कपाटात, अशा स्थितीत एखाद्याचा जामीन झाला तर त्याला सोडता येत नाही, आणि त्याचं उत्तर अधीक्षकाला कोर्टात द्यावं लागतं.